जिऱ्याच्या पुडीत गेलेलं शेवटचं पान

अप्पा,

तुला माती देऊन आज अकरा दिवस झाले. तुम्हा लिंगायतांतही माती आणि आम्हा मुसलमानांतही माती, म्हणून त्या दिवशी मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. तुला मांडी घालून बसवलं होतं, कपाळावर विभूती, हुबेहूब गल्ल्यावर बसायचास तसा. मी मूठभर माती टाकली आणि मनात म्हणालो, ऊठ की लेका, आपलं भांडण अर्धं राहिलंय.

पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, मनमिळाऊ स्वभावाचे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ज्यानं ते लिहिलं त्याच्याशी तू कधी वाद घातलेला दिसत नाही. तुझं गाव, तुझी मुलं, जावई, सुना, सगळं त्या चौकटीत आलंय. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीय. ती तू असताना सांगायची होती.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. चौथीपर्यंत शाळेत गेलो, अक्षर माझं तू म्हणायचास तसं कोंबडी चालून गेल्यासारखं. पण कोंबडी कुठं गेली ते तरी त्यात कळतं.

आपली दुकानं समोरासमोर. तुझ्याकडून मिरची-हळदीचा वास माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडून पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास तुझ्याकडे. तू म्हणायचास, "दस्तगीर, तुझ्या खळीच्या वासानं माझं गिऱ्हाईक पळून राहिलंय." मी म्हणायचो, "गिऱ्हाईक तुझ्या तोंडामुळं पळतंय, खळीचं नाव कशाला घेतो?" बाजूच्या डाळमिलीचा भुगा दोघांच्याही कपड्यांवर सारखाच बसायचा.

त्या सकाळी तू रस्ता ओलांडून पळत आलास. तुला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात रद्दीतले दोन गठ्ठे. एकच जाड पुस्तक मधोमध फाटून त्याचे दोन तुकडे झाले होते, पुठ्ठा नाही, पाठीला वाळवी लागलेली.

"हे बांधून दे."

"काय हाय हे?"

"पुस्तक हाय."

"ते दिसून राहिलं मला. मी जिल्दसाज हाय, भुसार विकत न्हाई."

"एक गठ्ठा पालथा व्हता, त्याचं वरचं पान जिऱ्याच्या पुडीला फाडलं, दुसऱ्याचं ओव्याच्या. बाया घेऊन गेल्या. मग तिसऱ्याला हात घातला आन् नजर पडली. यात एक पोरगी हाय, दस्तगीर. भिंतीला कान लावून बसती. लई वंगाळ गाव हाय ते. बांध लवकर, मला पुढं काय झालं ते बघायचंय."

मी दोन्ही गठ्ठे मोकळे केले. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, एकावर एक रचायला लागलो. तू तिथंच स्टुलावर बसलेला. आणि तू बोललास. आठवतं का तुला काय बोललास?

"आकडे बघून लाव रे, पानांचे. कुठला गठ्ठा पुढचा ते बघ."

बस्स. माझं डोकं फिरलं. माझ्या बापानं मला दहाव्या वर्षी पुस्तकं आवळायच्या शिकंज्यावर बसवलं. जुन्या पोथ्या मी बांधल्यात, कचेरीतल्या जाडजूड वह्या बांधल्यात, कुराण बांधलंय, तुमचं वचनांचं पुस्तकही बांधलंय. आणि जिरे विकणारा मला सांगणार, आकडे बघ?

"आता तू मला शिकवतो व्हय?" मी म्हणालो.

आणि मी आकडे बघितले नाहीत. तुझ्यासमोर आकडे बघणं म्हणजे तुझं ऐकणं झालं असतं. एरवी मी रचलेल्या फर्म्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारतो. एक फर्मा इकडचा तिकडं झाला की रेघ तुटते, लगेच कळतं. त्या दिवशी पाठ वाळवीनं खाल्लेली, रेघ उमटेना. तरी हाताला जो गठ्ठा आला तो वर ठेवला, दुसरा खाली. शिलाई केली, शिकंज्यात आवळलं. कडा कुरतडलेल्या म्हणून खालून चांगलं बोटभर कापलं. त्या कापात सगळ्या पानांचे आकडे गेले. केरसुणीनं ते मीच गोळा केले.

लाल कापडाची जिल्द. आजही बघ, कोपरे कसे बसलेत. बांधणीत खोट नाही.

फक्त मागचा अर्धा पुढं गेला होता आणि पुढचा अर्धा मागं.

* * *

ते पुस्तक तू त्या थंडीत मला वाचून दाखवलंस. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. मी सुई ओढत बसायचो, तू स्टुलावर. पुस्तकाला नाव नाही, लिहिणाराचं नाव नाही, सगळं पुठ्ठ्याबरोबर गेलेलं. आपण त्याला पोरीचं पुस्तक म्हणायचो. तिलाही नाव नव्हतं. सगळे तिला 'कानवाली' म्हणायचे.

ते गाव अजून व्हायचंय, पुढच्या काळातलं. गावाला उंच भिंत, बाहेर जायचं नाही. एक कानकचेरी. ज्या पोरांचे कान तिखट त्यांना कचेरी निवडणार, कपाळाला पांढरी पट्टी बांधणार. पोरांनी शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून बसायचं आणि रोज संध्याकाळी काय ऐकलं ते कचेरीत सांगायचं. ज्या घरात नको ते बोलणं झालं त्या घराचा दिवा कायमचा बंद. त्या घराशी मग कुणी बोलायचं नाही, त्या दारावरून कुणी जायचं नाही.

तू वाचायचास तेव्हा तुझा आवाज खाली यायचा. कचेरीतला साहेब बोलायला लागला की तू नाकातून बोलायचास, आपल्या जुन्या तलाठ्यासारखं. मी हसलो की म्हणायचास, "गप. इथं हसायचं न्हाई." आणि एखाद्या ओळीखाली बोट धरून पुस्तक माझ्यापुढं करायचास, "हे तू वाच." मी म्हणायचो, मला काम आहे. तू बोट काढायचा नाहीस. मी एकेक अक्षर लावत ती ओळ वाचायचो, तेव्हाच तू पुढं सरकायचास. रोज एक ओळ. मग दोन. मला तेव्हा तो तुझा चावटपणा वाटायचा. तू मला शिकवत होतास हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर मी दुकान बंद करून घरी गेलो असतो.

आपल्या बांधणीप्रमाणं गोष्ट अशी होती. सुरुवातीला ती पोरगी मोठी आहे, लांब वेणी. कचेरीत जाते आणि खोटं सांगते. ज्या घरात रडारड झाली तिथं भजन चाललं होतं म्हणते. कितीक घरांचे दिवे ती असे वाचवते. मग पकडली जाते. भर चौकात तिला विचारतात, सांग, आज काय ऐकलंस. ती तोंड मिटून उभी राहते. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत उभी. ते तू दोनदा वाचलंस. मी सुई थांबवली होती.

आणि पान उलटलं तर पोरगी एकदम बारकी. दोन शेंड्या घातलेली, दुधाचा दात हलतोय, कपाळाला नवी पांढरी पट्टी. शेजारी एक म्हातारी विणकरीण, ती मागावर गाणं म्हणते. गाणं म्हणायची बंदी. पोरगी उड्या मारत कचेरीत जाते आणि सांगते. म्हातारीचा दिवा जातो. पोरीला साहेब शाबासकी देतो. मग आणखी घरं, आणखी शाबासकी. पुढं तिची झोप उडते, एक दिवस आईच रडताना ऐकू येते, तरी ती कचेरीत जातेच. आणि एके ठिकाणी वाक्य अर्धंच तुटून पुस्तक संपतं.

तू पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंस.

"असं कसं झालं?" मी विचारलं. अल्लाची शपथ, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

"मला कळून राहिलंय," तू म्हणालास. "मधलं पान गेलंय ना, त्यात तिला मारलं असणार. लई मारलं असणार. मार खाऊन माणूस लहान होतं, दस्तगीर. लिहिणाऱ्यानं तिला शेंड्या घातल्या, दात हलवला. तिच्यातलं मोठं माणूस मेलं आन् उरलं ते सायबाच्या शाबासकीवर नाचणारं लेकरू. लई मोठा लेखक हाय हा."

"पण शेवट तुटलाय."

"तुटूदे. कळला मला शेवट. भीती लागली की माणूस चांगल्याचं वंगाळ होतं. आन् मग तसंच राहतं."

एवढं पक्कं बोललास तू. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बांधणारानं घोळ घातलाय. तुझ्या मनात तो विचार आला नाही. आला असेल तर तू तो तिथंच हाकलून दिलास. कारण बांधणारा मी होतो.

* * *

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुदखेडच्या एका वाचनालयाचं काम आलं. पोतं भरून पुस्तकं इकडं आणण्यापेक्षा मीच तिकडं गेलो, बहिणीच्या घरी राहिलो, वाचनालयाच्या ओट्यावर शिकंजा मांडला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी हातात एक पुस्तक आलं. पाठ उसवलेली, पण पानं सगळी जाग्यावर. सवयीनं मधलं पान उघडलं आणि 'कानवाली' हा शब्द दिसला.

आपलं पुस्तक, अप्पा.

पहिलं पान उघडलं. तिथं शेंड्यांची पोरगी. मागं गेलो. तिथं चौक, मिटलेलं तोंड. आणि प्रत्येक पानाच्या खाली आकडा, ठसठशीत, एक दोन तीन.

मग मी ते पुस्तक पहिल्यापासून वाचलं. मी. माझ्या डोळ्यांनी. दिवसभर काम करून दुपारच्या सुट्टीत ओट्यावर बसून, ओळीखाली तुझ्यासारखं बोट धरून. बहीण म्हणाली, भाईजान, नजर जाईल. काम आठवड्याचं होतं, मी तीन आठवडे लावले. वाचनालयाच्या बाई म्हणायच्या, चाचा, किती बारीक काम करता तुम्ही. आयुष्यात मी एवढं एकच पुस्तक पुरतं वाचलंय, आणि ते आपलं होतं.

सरळ वाचलं तर ती वेगळीच पोरगी आहे. आधी ती शाबासकीवर नाचते. म्हातारीला बुडवते. मग शेजारच्या भिंतीला कान लावते तर माग वाजत नाही. रोज कान लावते, रोज माग वाजत नाही. ती कुणाला विचारत नाही, कुणी तिला रागावत नाही, पण त्या न वाजणाऱ्या मागानं तिची झोप जाते. एक दिवस तिची स्वतःची आई भिंतीपलीकडं रडताना ऐकू येते आणि पोरगी कचेरीत जाऊन म्हणते, आज काही ऐकलं नाही. तिथं आपलं वाक्य तुटलं होतं. 'आज मी' एवढंच आपल्याकडं होतं. पुढचं 'काही ऐकलं नाही' दुसऱ्या गठ्ठ्यावर, आपल्या पुस्तकाच्या पार पहिल्या ओळीत. ती ओळ तू मला पहिल्याच दुपारी वाचून दाखवली होतीस आणि म्हणाला होतास, सुरुवातीचं काहीतरी फाटलंय बघ.

म्हणजे एवढंच झालं होतं. वंगाळाची चांगली झाली होती पोरगी. मी तिला चांगल्याची वंगाळ करून तुझ्या हातात दिली.

लातूरला परत येताना रेल्वेत मी ठरवलं, उतरलो की सरळ तुझ्या दुकानात जायचं आणि सांगायचं. तू गल्ल्यावर होतास. मला बघून म्हणालास, "आला का मुदखेडचा नवाब. तीन आठवडे लागले? हात चालत न्हाई का आता?"

शेजारी दोन गिऱ्हाइकं हसली. मी म्हणालो, "माझं काम बघायला तुझा जन्म पुरायचा न्हाई." आणि वळून माझं कुलूप उघडलं.

असं पहिल्यांदा राहिलं.

* * *

मग मुक्ताचं झालं.

तुझी नात. लेकीची लेक, नायगावहून आलेली, इथल्या क्लासला. तिला आणलीस तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात फिरवलीस. माझ्यापुढं उभी करून म्हणालास, "ही डॉक्टर होणार. हिच्या हाताला सुई शोभंल, तुझ्या न्हाई." ती हसली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "चाचा, शिवायची सुई जाड असती का हो? दाखवा की." मला तिथंच ती आवडली.

तिला क्लासच्या होस्टेलला ठेवलीस. तिथल्या सरांनी एकदा विचारलं, कुणाकडं मोबाइल आहे, सांगा. सांगणाराला पुढचा बाक. मुक्तानं खोलीतल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. ती मैत्रीण उदगीरकडची. तिचा बाप आला आणि पोरीला सामानासकट घेऊन गेला. शिक्षण तिथंच थांबलं म्हणे.

दोन दिवस तू रस्ता ओलांडून आला नाहीस. तिसऱ्या दिवशी येऊन स्टुलावर बसलास.

"त्या पोरीसारखं झालं, दस्तगीर. चांगली व्हती माझी. क्लासच्या भीतीनं वंगाळ झाली. आता तशीच राहणार."

"लेकरू हाय अप्पा. बदलंल."

"न्हाई बदलत. वाचलंय आपण. उलटलेलं पान माघारी येत न्हाई."

"पुस्तकात म्हणून काय झालं? पुस्तक चुकू शकतं."

"पुस्तक कसं चुकंल? लिहिलंय त्यात. माझ्या डोळ्यांनी वाचलंय."

मी म्हणालो, ती आधी वाईट असंल आणि मग चांगली झाली असंल, असं धरून बघ. तू म्हणालास, धरून बघ म्हणजे काय, शेवट शेवटी असतो. मी ओरडलो. तूही ओरडलास. समोरचा पानवाला येऊन उभा राहिला. तू म्हणालास, "चौथी नापास माणसानं मला पुस्तक समजून सांगू नये." मी म्हणालो, "नापास न्हाई, परीक्षेलाच बसलो न्हाई." आणि तू उठून गेलास.

एका वाक्याचं काम होतं, अप्पा. मी उलटं बांधलं, एवढंच. जिभेवर आलं होतं. पण समोर पानवाला उभा, त्याच्या मागं दोन पोरं, आणि माझ्या पाटीवर माझ्या बापाचं नाव. मी गिळलं.

तू मुक्ताला नायगावला पाठवून दिलंस. लेकीनं फोन केला की बोलायचास; मुक्ताचं नाव निघालं की फोन ठेवायचास. तीन वर्षं. दिवाळीला ती आली, तुझ्या पाया पडली, तू पाय मागं घेतलेस. मी समोरून बघत होतो. माझ्या हातात सुई होती. ती बोटात गेली तरी मला कळलं नाही.

तुलाही सोडत नाही मी. पुस्तक उलटं मी बांधलं, खरं. पण पुस्तकावरून नातीचं माप काढायला मी सांगितलं नव्हतं. ती समोर उभी होती, जितीजागती, आणि तू कागदावरच्या पोरीवर विश्वास ठेवलास. त्यावरही मला तुझ्याशी भांडायचं होतं. पण ते भांडण आधीचं कबूल केल्याशिवाय करता येत नव्हतं. माझ्या हट्टानं तुझ्या हट्टाला कुंपण घातलं. दोघांनी मिळून एका लेकराला बाहेर ठेवलं.

* * *

दवाखान्यात तुला भेटायला आलो ती दुपार. नाकात नळी, तरी नर्सबाईला तू साखरेच्या भावावर काहीतरी सांगत होतास. मला बघितलंस, हातानं बस म्हणालास. लेक चहा आणायला गेली. आपण दोघंच.

"दस्तगीर, एक सांग."

"बोल."

"त्या पोरीचा दात. शेवटी दात हलतो ना तिचा?"

"हाव."

"दुधाचा दात. वेणी घालणाऱ्या पोरीला दुधाचा दात असतो व्हय रे?"

तू दार उघडून उभा होतास. मला फक्त आत यायचं होतं. पानवाला नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आणि मी काय बोललो?

"लेखकाची करामत हाय ती," मी म्हणालो.

तू हसलास. नळी हलली. "हाव," म्हणालास, "करामतच."

ते हसणं मी घरी घेऊन आलो. अकरा दिवस ते उलटंपालटं करून बघतोय. तुला कळलं होतं का? कळलं असतं तर तू मुक्ताला बोलावलं असतंस, म्हणून वाटतं नव्हतं कळलं. पण मग माझ्याकडं असं का बघितलंस? याचं उत्तर कुणाकडं नाही. ते तू बरोबर नेलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं आणि सांगायचं असं मी रिक्षात बसून ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं शटर बंद होतं आणि त्यावर कागद चिकटवला होता.

* * *

आता ऐक, पुढं काय झालं.

माती झाल्यावर मुक्ता तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. मोठी झालीय. नायगावच्याच कॉलेजात जाते. मला म्हणाली, "चाचा, आजोबांचं ते लाल पुस्तक मला पाहिजे. मला पाठवताना म्हणाले होते, त्यात माझ्यासारखी पोरगी हाय, ती मला बघायचीय."

मी म्हणालो, "दहा दिवस दे. त्याची शिलाई ढिली झालीय."

इतकी वर्षं माझ्याच फळीवर असलेली ती लाल जिल्द मी स्वतः उसवली. माझ्या हाताची शिलाई उसवायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता, फार पक्की घातली होती. मग मुदखेडला गेलो. वाचनालयाच्या बाईंना म्हणालो, फक्त दोन पानं उतरवून घेतो, पहिलं आणि शेवटचं. त्या म्हणाल्या, झेरॉक्स काढा की. मी म्हणालो, नाही, हातानं. दिवस गेला त्यात. एक पान तुझ्या ओव्यातलं आणि एक तुझ्या जिऱ्यातलं.

काल ती आली. मी तिला स्टुलावर बसवलं, तुझ्या. दोन्ही गठ्ठे पुढं ठेवले आणि सांगितलं. सगळं. आकडे बघ म्हणालास ते, मी बघितले नाहीत ते, मुदखेड, पानवाला, दात. म्हणालो, "बेटा, तुझ्या आजोबांनी तुला वाईट ठरवलं ते माझ्या बांधणीवरून. मी उलटं बांधलं. आन् कळल्यावरही सांगितलं न्हाई."

बोलताना मी तिच्याकडं बघितलं नाही, खळीच्या डब्याकडं बघत होतो. मला वाटलं उठून जाईल. जायलाच पाहिजे होती.

तिनं दोन्ही गठ्ठे जवळ ओढले आणि म्हणाली, "पण चाचा, मी नाव तर खरंच सांगितलं होतं. ते काय तुम्ही उलटं बांधलं नव्हतं."

अप्पा, तुझी नात आहे ही. तुझ्यासारखीच, सोडत नाही. स्वतःलाही सोडत नाही.

मी तिला माझ्या अक्षरातलं शेवटचं पान दिलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, अडखळत, कारण कोंबडीच ती. तू ते कधी ऐकलं नाहीस, म्हणून तुला सांगतो काय आहे त्यात.

चौकातून पोरीला सोडतात. कपाळाची पट्टी काढून घेतात. तिच्या घराचा दिवा जातो. अंधारात ती भिंतीला हात लावत शेजारच्या दाराशी जाते, जिथं इतकी वर्षं कुणी गेलेलं नाही. दार वाजवते. आतून म्हातारी विचारते, कोण? आणि ती म्हणते, मी गोदा. तुझं गाणं मीच सांगितलं होतं.

तिला नाव होतं, अप्पा. गोदा. पहिल्याच पानावर होतं, पट्टी बांधताना कचेरीनं काढून घेतलेलं. शेवटच्या पानावर ती स्वतः घेते. आपण इतकी वर्षं जिच्यावरून भांडलो तिचं नाव एका टोकाला ओव्यात आणि दुसऱ्या टोकाला जिऱ्यात बांधून तू लोकांच्या घरी पाठवून दिलं होतंस.

आत खाट कुरकुरते, दार उघडतं. म्हातारी तिला माफ केलं म्हणत नाही, शिवी देत नाही. एवढंच म्हणते, "आत ये, दार लावून घे. सुताचं टोक सापडत नाही मला, धर जरा."

तिथं पुस्तक संपतं.

मुक्तानं पान खाली ठेवलं. डोळे पुसले नाहीत. मी फर्मे सरळ रचले. आकडे तर नाहीत आता, एकेक ओळ वाचून रचले, ती बघत होती. पाठीवर तिरकी रेघ मारली. यावेळी उमटली. सुईत दोरा घातला आणि मेण लावायला तिच्यापुढं टोक केलं.

"धर जरा," म्हणालो.

तिनं धरलं. मी ओढत गेलो, ती सोडत गेली. तुझं स्टूल इतकं गप्प कधी बसलं नव्हतं.

खळ वाळायला शिकंज्यात ठेवलं तेव्हा दुपार टळली होती. तिची नायगावची गाडी होती. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. फलाटावर तिनं बॅग खांद्याला घेतली आणि पाट्या वाचायला लागली.

"चाचा, उदगीरची गाडी कुठं लागते?"

मी बोटानं दाखवली. तिकडं जाऊन काय होईल ते मला माहीत नाही. ती मैत्रीण दार उघडेल का लावून घेईल, तेही माहीत नाही. पोरगी खिडकीशी बसली. गाडी सुटेपर्यंत मी उभा होतो.

पुस्तक अजून शिकंज्यातच आहे. खालून यावेळी काही कापलं नाही. ती परत येईल तेव्हा घेऊन जाईल.

तुझं बरोबर होतं, अप्पा. आकडे बघायला पाहिजे होते.